सासूबाई बसल्या की दिवा लागतो

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, चर्चला जाताना, पेट्रोल पंपाच्या वळणावर आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण मी जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत सत्तावीस वर्षं काढली आहेत, आणि ज्याच्यापुढे तारीख-वेळ लिहिलेली नाही ते घडलंच नाही असं आमच्या खात्यात मानतात.

दिवा ब्रेकचा होता. म्हणजे साध्या ब्रेकचा नव्हे. निसरड्या रस्त्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून एक वेगळी व्यवस्था असते, तिचा. ब्रेक लागत होते, गाडी थांबत होती, म्हणून मी गाडी चालवत राहिलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसानं प्रत्येक दिव्याला उत्तर देत बसू नये, असं माझं मत आहे.

पण मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या.

"एव्हरेट, दिवा लागलाय."

"दिसला, आई."

"मग गाडी बाजूला घे."

इथे सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. मर्टल आयझनर, वय एक्क्याऐंशी. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. लाहेव्ह नदीच्या दोन्ही काठांवर आज जो कोणी तीस ते साठ वयाचा माणूस दिसतो, तो लहानपणी त्यांच्या बसमध्ये गप्प बसलेला असतो. बर्फ, धुकं, वादळ, काहीही असो, बसला एक ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं एक चिठ्ठी लिहिली आणि त्यांचा परवाना गेला. त्या दिवसापासून त्या माझ्या गाडीत मागे, उजव्या बाजूला बसतात. पुढे बसत नाहीत, कारण पुढच्या उजव्या सीटवर माझी बायको व्हर्ना बसते (आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं). तिला मागे बसलं की मळमळतं.

"दिवा लागलेली गाडी घेऊन मी एकतीस वर्षांत एकदाही पुढे गेले नाही," असं म्हणून सासूबाई उतरल्या आणि चर्चच्या दिशेनं चालू लागल्या. मी त्यांच्या बाजूबाजूनं, काच खाली करून, त्यांच्याच चालीनं गाडी नेत विनवण्या करत होतो. आमच्या मागे सहा गाड्या. पाद्रीबाईंची सातवी. त्या दिवशीच्या प्रवचनाचा विषय वडीलधाऱ्यांचा मान हा होता. आधीच ठरलेला होता, असं त्या नंतर म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सासूबाईंच्या थोरल्या भावाचा, बर्टनचा, नव्वदावा वाढदिवस होता. तो राहतो यारमथला, अडीच तासांवर. हिवाळ्यात दोनदा इस्पितळात जाऊन आलेला. बहीणभाऊ दर रविवारी फोनवर अर्धा तास भांडतात आणि त्यावरच दोघं जगतात. सासूबाईंनी त्याच्यासाठी काकवीचा पाव करायचं ठरवलं होतं.

"दिवा गेला तर मी येईन," त्यांनी जाहीर केलं. "नाही गेला तर पाव घेऊन तुम्ही दोघं जा. माझ्यातर्फे त्याला सांगा, की सत्तरच्या निवडणुकीबद्दल मीच बरोबर होते."

घरी आल्यावर व्हर्ना मला म्हणाली, "नव्वदावा आहे, एव्हरेट. आई तिथं पोचली पाहिजे. कसं ते तू बघ."

आता खरं सांगायचं, तर मला आनंदच झाला. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या कुंपणांच्या खुणा शोधतोय. मोठ्या ओकच्या झाडापासून चाळीस पावलं, आणि झाड तर कधीच पडलेलं. असल्या कामात मुरलेल्या माणसाला एक पिवळा दिवा म्हणजे काय!

सोमवारी ब्रिजवॉटरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "दिवा आत्ता लागलाय?"

"नाही. गाडी बंद करून परत चालू केली की जातो."

"मग आत्ता बिघाड नाहीये."

"काल होता."

"काल आम्ही बंद होतो."

तिनं अर्ज दिला. त्यात बिघाडाच्या प्रकारासाठी दोनच चौकोन, 'सतत' आणि 'इतर'. 'इतर'पुढे एक ओळ. मी मागच्या बाजूला सविस्तर लिहिलं. तिनं सांगितलं की मागची बाजू संगणकात जात नाही. मी स्वतः सरकारी माणूस आहे. इतकी वर्षं मी लोकांना हेच वाक्य ऐकवत आलो. पण आपल्याला कुणी ऐकवलं की ते किती झोंबतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन तासांनी गाडी परत मिळाली. शेरा, 'बिघाड आढळला नाही.' गाडी मात्र स्वच्छ धुतलेली होती.

घरी आलो तर फाटकाशी डेल्बर्ट निकल उभा. हा आमचा शेजारी, चाळीस वर्षं समुद्रात शेवंडं पकडून आता निवृत्त झालेला. निवृत्त झाल्यापासून सल्ले पकडतो.

"मीठ, लेका," सगळं ऐकून तो म्हणाला. "बर्फावर मीठ टाकतात ना रस्त्यात, ते चढतं चाकांवर. इथं सगळ्याच्या मुळाशी मीठ. माझी बोट, माझे गुडघे, माझं पहिलं लग्न."

"लग्न कसं काय?"

"ती स्वयंपाकात फार घालायची."

तरी त्यानं एक कामाची गोष्ट केली. पुतण्याकडून एक काडेपेटीएवढी डबी आणून दिली. ती स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत बसवली की गाडीच्या पोटातलं दुखणं फोनवर उमटतं. मी खोचली. आठवणीत साठवलेलं दुखणं झळकलं: उजव्या मागच्या चाकाच्या वेगाचा सेन्सर, संदेश तुटतो.

मी इतक्या जोरात ओरडलो की व्हर्ना मलमपट्टीची पेटी घेऊनच धावत आली.

"चोर सापडला!" मी म्हणालो. "उजवं मागचं चाक!"

"बोटं शाबूत आहेत ना?" एवढं विचारून ती पेटी घेऊन परत गेली. थोर शोधांच्या वेळी घरच्यांची प्रतिक्रिया अशीच असते.

सेन्सर म्हणजे चाकाशी बसलेली करंगळीएवढी नळी. एका बोल्टवर बसते. बोल्ट काढा, जुनी ओढा, नवी घाला, असं पंधरा मिनिटांचं काम. डेल्बर्टनं पाना लावला, मी दिवा धरला, आणि बोल्टचं डोकं सफरचंदाच्या देठासारखं तुटून त्याच्या हातात आलं.

"मीठ," तो समाधानानं म्हणाला.

मग तो बोल्ट भोकं पाडून काढायचा. ड्रिलचं पातं आत मोडलं. ते काढायला दुसरं लावलं, तेही मोडलं. मग डेल्बर्टनं बोटीवरचा हातोडा आणला. पंधरा मिनिटांचं काम दोन संध्याकाळी चाललं. त्यात माझा चांगला स्वेटर गेला, गॅरेजमधली काच गेली आणि डेल्बर्टच्या तोंडून असे शब्द गेले, की पलीकडच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली आणि नंतर नीट ऐकू यावं म्हणून परत उघडली. पण सेन्सर बसला!

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी गाडी मुद्दाम हिंडवली. खड्ड्यांतून, चिखलातून, पुलावरून. दिवा नाही. डेल्बर्टनं खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी उघडली, आम्ही ती उभ्याउभ्या संपवली. कचेरीत मी दोन जणांना आपणहून सांगितलं की गाडीची कामं माणसानं स्वतः करावीत.

रविवारी सासूबाई बसल्या. पेट्रोल पंपाच्या वळणावर दिवा लागला.

"थांबव," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या चालायचे बूट घालूनच आल्या होत्या. माझ्यावरचा हा अविश्वास मला दिव्यापेक्षा जास्त लागला.

मग मी एक नोंदवही सुरू केली. रकाने पाडले: तारीख, वेळ, तापमान, पाऊस, रस्ता, वेग आणि शेवटी 'उपस्थित व्यक्ती'. हा शेवटचा रकाना निव्वळ कचेरीच्या सवयीनं. सासूबाईंना दवाखान्यात, वाचनालयात, विणकामाच्या मंडळात सोडायला मी आपणहून पुढे होऊ लागलो. प्रत्येक ठिकाणी त्या अर्ध्या वाटेत उतरून चालत गेल्या. आठवड्यानं वही उघडून बसलो आणि अंगावर काटा आला. नऊ वेळा दिवा लागला होता. नऊही वेळा शेवटच्या रकान्यात एकच नाव होतं. ते नाव नसलेल्या एकवीस फेऱ्यांत एकदाही नाही.

नाश्त्याच्या टेबलावर मी विषय काढला. "व्हर्ना, एक सांगायचंय. शांतपणे ऐक."

"नोकरी गेली?"

"नाही."

"मग सांग."

"दिवा आई बसल्या की लागतो."

तिनं टोस्ट खाली ठेवला. "हे तू तिला सांगणार आहेस?"

"नाही."

"मग मला का सांगतोयस? आता मलाही माहितीय!"

डेल्बर्टला मात्र हे ऐकून स्फुरण चढलं. "वजन! त्या बसल्या की गाडीची ती बाजू दबते, खाली एखादी वायर घासते. सोप्पंय. तेवढंच वजन ठेवून बघू. किती असेल त्यांचं?"

सासूबाईंचं वजन किती, हा प्रश्न आमच्या तालुक्यात आजवर कुणी कुणाला विचारलेला नाही. आम्ही अंदाजानं बटाट्यांची तीन पोती ठेवली. सीटवर वजन आणि पट्टा नाही म्हणून गाडी कोकलायला लागली, तेव्हा त्यांना पट्टा लावला. पोती वळणावर कलंडू लागली, म्हणून मागे पडलेला सासूबाईंचा जुना निळा कोट भोवती गुंडाळून बाह्या पुढे बांधल्या. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. डेल्बर्टनं वर त्यांची टोपी ठेवली. हवेचा परिणामही धरायला हवा, असं त्याचं म्हणणं पडलं.

आम्ही गावातून तीन चकरा मारल्या. बटाटे शांत बसले होते, दिवा लागत नव्हता. तिसऱ्या चकरेला पोस्टासमोर थांबलो, तर पायरीवर सासूबाई उभ्या. त्यांनी मागच्या काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे मी आहे?"

"प्रयोग आहे, आई," मी म्हणालो. डेल्बर्ट एवढ्यात दुसऱ्या दारानं उतरून पोस्टात गेलाही होता. तिकिटं घ्यायला, असं तो म्हणतो.

"किती पोती?"

"तीन."

"तीन?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आठ वर्षांचा झालो. "दोन पुरली असती."

मग सगळं सांगावंच लागलं. वही दाखवली, नऊ नोंदी दाखवल्या. मला वाटलं, आता यारमथही गेलं, सासुरवाडही गेली. पण वही वाचता वाचता त्यांचे डोळे चमकू लागले. दोन वर्षांत कुणी त्यांना कसल्याही कामाला बोलावलं नव्हतं. जो तो म्हणायचा, बसा, राहू द्या, आम्ही करतो.

"म्हणजे माझ्याशिवाय हा बिघाड सापडायचाच नाही," त्या म्हणाल्या.

"तसंच दिसतंय."

"मग बटाटे कशाला फिरवतोयस, मूर्खा? चल!"

त्या गुरुवारी आम्ही रेनल्ड हिमलमनच्या गॅरेजात गेलो. गाडीच्या तपासणीचा परवानाही त्याच्याकडेच आहे आणि आमच्या काचेवरच्या, तपासणी झाल्याच्या चिकटपट्टीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. रेनल्ड पन्नाशीचा, सहा फूट, हातावर नांगर गोंदलेला. मी त्याला सांगितलं की सासूबाईंना मागे बसवून गाडी चालवून बघायचीय.

"जमणार नाही," तो म्हणाला. "तपासणीच्या गाडीत गिऱ्हाईक बसवायचं नाही, विम्यात बसत नाही. आणि दिवा लागला तर मला नापास करावी लागेल. नाही लागला तर दुरुस्त काय करू?"

"रेनल्ड," मागून आवाज आला.

रेनल्डनं हातातला पाना खाली ठेवला. "मिसेस आयझनर. मला दिसला नाहीत तुम्ही."

"अजून खिडकीतून हात बाहेर काढतोस का?"

"नाही, मॅडम. सातवीनंतर नाही."

"गाडी काढ."

विमा तिथेच संपला. रेनल्डनं चारही चाकांच्या वेगाच्या रेघा दाखवणारं यंत्र लावलं आणि ते माझ्या मांडीवर दिलं. तो चालवायला, मी शेजारी, सासूबाई मागे, ताठ. नदीकाठच्या रस्त्यानं निघालो. चार रेघा चार मुलांसारख्या शिस्तीत एकमेकींशेजारून चालल्या होत्या. पहिलं वळण आलं, रेनल्डनं वेग कमी केला, आणि चौथी, उजव्या मागच्या चाकाची रेघ टुणकन खाली पडून वर आली.

"पडली!" मी ओरडलो.

"कुठे?"

"वळणावर! परत घे, परत घे!"

रेनल्डनं गाडी वळवली. उलट्या दिशेनं तेच वळण, आणि रेघ परत पडली! सरळ रस्त्यावर? नाही. खड्ड्यात? नाही. ट्रकच्या मागे वेग कमी केला, तेव्हा पडली. रेनल्डही आता तोंडानं शिटी वाजवायला लागला होता. आम्ही तिघं एकमेकांवर ओरडत होतो. "ब्रेक मारला की पडते!" "पण मी एकटा असताना मारतो तेव्हा नाही पडत!" "वळून बघ की मागे!" हे सासूबाईंचं. "बिघाड पुढच्या काचेत आहे का?"

मी यंत्र डॅशबोर्डवर टेकवलं आणि सीटवर उलटा होऊन मागे पाहिलं. सासूबाई ताठ, पिशवी मांडीवर, नजर सरळ रस्त्यावर. पुढे एक चौक आला. रेनल्डचा पाय ब्रेककडे जायच्या आधीच सासूबाईंचा उजवा पाय उचलला गेला आणि माझ्या सीटमागच्या चटईवर दाणकन आपटला.

रेघ पडली. दिवा लागला.

"पाय!" मी किंचाळलो. "पाय आहे! आई, तुम्ही ब्रेक मारताय!"

"मी कशाला ब्रेक मारीन?"

"रेनल्ड, थांबव!"

रेनल्डनं गाडी थांबवली. त्यासाठी ब्रेक मारला. त्यासाठी सासूबाईंनीही मारला. आम्ही तिघांनी त्या पायाकडे पाहिलं. तो अजून दाबलेलाच होता.

"ही सवय आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि एव्हरेट उशिरा मारतो."

रेनल्डनं तिथंच रस्त्याकडेला चटई आणि तिच्याखालचा गालिचा उचलला. मागच्या चाकाकडून येणाऱ्या वायरचा जोड नेमका तिथं होता, गंजून हिरवा पडलेला. आतली एक तार केसाएवढ्या धाग्यावर लोंबत होती. दोन वर्षं प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात, एकतीस वर्षांचा अनुभव टाचेतून त्या तारेवर उतरत होता. आणि डेल्बर्टच्या बटाट्यांना पाय नव्हते!

नवा जोड लावायला रेनल्डला वीस मिनिटं लागली. त्यानं तो सरकवून गाडीच्या कडेला बांधला, पायाच्या टप्प्याबाहेर, आणि काचेवर नवी चिकटपट्टी लावली. सासूबाईंनी ती सरळ लागलीय का ते पाहिलं. ती काढून परत लावावी लागली.

शनिवारी सकाळी नऊला निघालो. व्हर्ना पुढे, सासूबाई मागे, मांडीवर अजून गरम असलेला पाव. मी शीळ घालत होतो. मागून प्रत्येक वळणाला दाणकन आवाज येत होता, पण डॅशबोर्ड काळाभोर होता. वाटेतलं लिव्हरपूल गाव मागे पडलं. रस्ता दोन्ही बाजूंच्या झाडीत शिरला, भुरभुर पाऊस सुरू झाला, मी व्हर्नाला माझ्या वहीच्या रकान्यांबद्दल सांगत होतो.

दाणकन आवाज आला. वळण नव्हतं, चौक नव्हता. पण त्या आवाजाची आता मला अशी सवय झाली होती, की माझा पाय विचार न करता ब्रेकवर गेला. तेवढ्यात उजवीकडच्या झाडीतून एक हरीण उसळून थेट रस्त्यात आलं.

पायाखाली ब्रेक थरथरला, गुरगुरला, गाडी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबत गेली आणि थांबली. हरीण दिव्यांपासून हातभर अंतरावर उभं होतं. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मान वळवली आणि सावकाश पलीकडे गेलं.

व्हर्नानं माझा हात धरला होता.

"हरीण होतं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं दिसलं?" मी विचारलं. "मला दिसलं नाही, आई. मला दिसलंच नव्हतं."

"त्या डॉक्टरची भिंतीवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "अक्षरं रस्त्यात उडी मारत नाहीत."

मी गाडी कडेला घेतली. व्हर्ना दार उघडून पावसात उतरली आणि मागचं दार उघडून उभी राहिली.

"आई, पुढे बस."

"तुला मळमळेल."

"मळमळू दे."

सासूबाई पुढे आल्या. पाव माझ्या हातात दिला, पट्टा लावला, पाव परत घेतला, आरसा पाहिला. तो आरसा माझ्यासाठी होता, पण त्यांनी तो जरा स्वतःकडे वळवला आणि मी तो तसाच राहू दिला. पुढचा तासभर आम्ही दोघांनी गाडी चालवली. त्यांचा पाय हलला की माझा दबायचा. हळूहळू जमत गेलं. मग एकदा, एका लांब उतारावर, माझा आधी दबला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

यारमथ वीस किलोमीटरवर आलं तेव्हा व्हर्ना मागून, तोंडावर रुमाल धरून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "एव्हरेट, शेजारी बघ."

पावावर दोन्ही हात ठेवून, मान जरा कलती करून सासूबाई झोपल्या होत्या. दोन वर्षांत त्या माझ्या गाडीत पहिल्यांदा झोपत होत्या. दोन्ही पाय जवळ घेतलेले, स्थिर.

माझा ऊर इतका भरून आला की मी वेग साठावर आणला. मग पन्नासवर. मागे गाड्यांची रांग लागली. पहिल्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "कोण आहे तो?"

"कोणी नाही, आई. झोपा."

"त्याचा नंबर लिहून घे," त्या म्हणाल्या आणि परत घोरू लागल्या.